नुसती आरती नको

भो, इरावतीबाई कर्व्यांवरचा तुझा लेख वाचला. ‘विदुषी’, ‘ओघवती’ हे शब्द आधी काढ. कुणालाही चिकटतात ते. त्यांच्या महाभारतावरच्या ‘युगान्त’मधला ‘मयसभा’ हा लेख पुन्हा उघड. खांडववन पेटलंय, बाहेर पळणारा जीव मारला जातोय, आणि बाई विचारतात, एवढी कत्तल कशासाठी? उत्तर जमिनीचं निघतं. सातपुड्याखालच्या आपल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. बाईंचं मानववंशशास्त्र त्या पानांत मुरलंय, कपाशीच्या काड्यांचा धूर भरताच्या वांग्यात मुरतो तसं. तीच एक जागा नीट दाखव. पटलं नाही तिथे तसंही लिही. (मी पहिल्या लेखात नुसती आरती ओवाळली होती, अजून लाज वाटते.) १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार एका ओळीत उरक.