पाऊस उघडल्यावर मैदान हातात घेताना

उघडीप मिळाली की पोरं बॅट घेऊन हजर होतात आणि रोलर फिरवा म्हणून मागे लागतात. ऐकू नकोस. ओल्या मातीवर रोलर फिरला की वर पापुद्रा धरतो, पाणी खाली मुरत नाही. मूठभर मातीचा गोळा कमरेच्या उंचीवरून सोड: फुटला तर रोलर आण, चपटा झाला तर दोन दिवस थांब. आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडची तांबडी माती लवकर निथळते, अथणीकडची काळी मात्र अंत बघते.

त्याआधी कडेची चर उकर. शंभर फुटाला एक फूट उतार पुरे, पाण्याच्या नळीनं लेव्हल धर. मैदानातला खड्डा भरताना आधी खरवडून ओला कर, मग मैदानाचीच माती चार-चार बोटांच्या थरानं घाल आणि दर थराला धुम्मस, म्हणजे माती ठोकायचं जड अवजार, मार. एकदम भरलेला खड्डा वळवाच्या पहिल्या सरीतच खचतो. गवत एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नकोस, मुळं दुबळी होतात.

खरी डोकेदुखी मांडववाल्यांची. अनामत घे, आणि खुंट्यांची भोकं बुजवून, मैदानभर लोहचुंबक ओढून खिळे वेचल्यावरच परत दे. महापालिकेला अर्ज कन्नडमध्ये लिहून ने, पोचेवर शिक्का घे.