ई-बुक रीडरची विक्री सुरुवातीच्या धडाक्यानंतर का मंदावते?

ई-बुक रीडर बाजारात येताच हातोहात खपतो आणि पुढं विक्री थंडावते, असं का, हा तुमचा प्रश्न. मला याचं उत्तर बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनात, पुस्तकांच्या स्टॉलवर सापडलं. जानेवारीतल्या त्या सकाळी पहिल्या दोन तासांत झुंबड उडते. वर्षभर मनात धरून ठेवलेलं पुस्तक माणसं नाव घेऊन मागतात. दुपारी गर्दी वाढते, खप मात्र उतरतो. तेव्हा येतात ते चाळून ठेवून देणारे.

पहिलं किंडल, म्हणजे ॲमेझॉनचा ई-बुक रीडर, 19 नोव्हेंबर 2007 ला आलं, 399 डॉलरला. साडेपाच तासांत संपलं, ते एप्रिलपर्यंत पुन्हा मिळालं नाही. ज्यांनी ते उचललं ते सकाळचे ग्राहक, पुस्तकांमागं पुस्तकं संपवणारे. असे वाचक कुठंही मोजकेच. त्यात तिकडं अमेरिकेत तो नाताळच्या भेटींचा हंगाम. वर्षाला दोन-तीन पुस्तकं वाचणारा एवढे पैसे कशाला घालेल? त्याच्यासाठी 2010 मध्ये वायफायवालं किंडल 139 डॉलरवर आणावं लागलं.

शिवाय हे यंत्र लवकर जुनं होत नाही. ई-इंकच्या, म्हणजे कागदावरच्या शाईसारखं दाखवणाऱ्या, पडद्याला वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, म्हणून एका चार्जिंगवर आठवडेच्या आठवडे निघतात. मोबाईल बदलतात तसा रीडर कुणी बदलत नाही.

आमच्या सीमाभागात मात्र खरं अडलं ते भाषेपाशी. बेळगावात शहापूरला राहणाऱ्या माझ्या मामांनी 2012 ला हौसेनं एक रीडर मागवला. मराठी पीडीएफ उघडली, तर सहा इंचांच्या पडद्यावर अख्खं पान आकसून बसलेलं, अक्षरं मोहरीएवढी. मोठी करावीत तर ओळ पडद्याबाहेर. अर्धी ओळ वाचायची, पान सरकवायचं, परत डावीकडं यायचं. दोन प्रकरणांत मामा थकले आणि पुन्हा सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागले. ते वाचनालय 1848 पासूनचं, तिथं मराठीची वानवा नाही.

किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली ती डिसेंबर 2016 मध्ये. फार उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं, कारण तोवर घरातली पोरं मोबाईलवर वाचायला लागली होती. मी धावत जाऊन मामांना ही बातमी सांगितली. त्यांनी कपाटातून रीडर काढला, पुसला, चार्जिंगला लावला आणि विचारलं, "ह्याच्यावरच येतील न्हवं? नवीन घ्यायला नको बघ."