मुलाचं पहिलंच ऑपरेशन: एवढं सांभाळा

ताई, हर्नियाचं ऑपरेशन छोटं असतं. बहुतेक मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. घाबरू नका. तुमच्या हातात मोजक्याच गोष्टी आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उपाशी पोट. साधारणपणे जेवण, बिस्किट, वरचं दूध भुलीच्या ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी. भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. चूक इथेच होते: पोर रडतं म्हणून आजी हळूच अर्धं बिस्किट देते. भुलीत उलटी झाली तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुणी दिलंच असेल तर लगेच सांगा, लपवू नका. वेळ पुढे जाईल, पण मूल सुरक्षित राहील. ताप किंवा खोकला असेल तर तेही आदल्या दिवशीच कळवा.

औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन तिथेच करून घ्या. अंदाजाने सांगू नका.

सलाईनच्या सुईबद्दल "दुखणारच नाही" असं म्हणू नका, पुढच्या वेळी विश्वास बसत नाही. "मुंगी चावल्यासारखं होईल, मी हात धरून बसते," एवढं पुरे. आत राहते ती मऊ प्लास्टिकची नळी. तिथे सूज आली किंवा मूल हात लावू देईना, तर सिस्टरना बोलवा.

भुलीतून उठताना काही मुलं आईलाही न ओळखता रडतात, हातपाय झाडतात. बहुधा अर्ध्या तासात शांत होतात. जवळ घ्या, त्याची रोजची गोधडी पांघरा. मुद्दाम धुऊन आणू नका, घरचा वास राहू द्या.