बैलं सोडली का?

पत्र थोडक्यात: "आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विसरण्याचा आजार आहे. बैलजोडी विकून चार वर्षं झाली, तरी दिवसातून पन्नासदा विचारतात, 'बैलं सोडली का?' परवा मी कापूस वेचून आले आणि पुन्हा तेच. मी ओरडले, 'मरत काहून नाही एकदाचे!' वावरात जाताना त्यांना खोलीत कोंडते. नणंद पुण्याहून फोनवर शिकवते, हे गप्प राहतात. मी वाईट आहे का?"

ताई,

आपलंच बोलणं जिला रात्रभर टोचतं, तिला मी वाईट म्हणणार नाही. तुम्ही पार थकल्या आहात. पण ते बोलणं त्यांना लागलं, हेही खरं. या आजारात झालेला प्रसंग माणूस विसरतो, त्यानं बसलेली धास्ती मात्र राहते.

"बैलं विकली" असं तुम्ही सांगता, तेव्हा त्यांच्यासाठी ती त्याच घडीला विकली जातात. दर वेळी नवा धक्का. त्यापेक्षा म्हणा, "हो मामाजी, सोडली. कुटार टाकलं." मग बैलांची नावं विचारा. जुनं पुष्कळ आठवत असतं त्यांना. दिवेलागणीला या माणसांची घालमेल वाढते, आणि बैल घरी यायची वेळही तीच. अंधाराआधी दिवा लावा, तुरीच्या शेंगा सोलायला द्या.

कोंडणं मात्र आजपासून बंद. आत पडले, तहान लागली, तर हाक कोण ऐकणार? त्यासाठी माणूस हवा, आणि तो तुमच्या एकटीच्या जिवावर मिळणार नाही. नुसतं "मदत करा" म्हटलं की सगळे मान डोलावतात. तास मागा. नवऱ्याला सांगा, "बाजाराच्या दिवशी दुपारभर वडिलांजवळ तुम्ही बसा." नणंदेला वेचणीच्या दिवसांत इथंच येऊन राहायला सांगा. मामाजींना पुण्याला नेलं तर अनोळखी घरात ते आणखी गोंधळतील.

डोकं तापलं की त्यांना खाटेवर नीट बसवून पाच मिनिटं अंगणात या, तोंडावर पाणी मारा. रडू आलं तर 14416 वर फोन करा. ही मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. हे तुमच्यासाठी सांगतेय.

जिल्हा रुग्णालयात त्यांचं बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. ते कमी-जास्त झाल्यानंही विसरभोळेपणा वाढतो. आणि दोन-तीन दिवसांत एकदम बरळायला लागले तर लघवीत संसर्ग असू शकतो, लगेच दाखवा.

आज संध्याकाळी "हो, सोडली" म्हणून बघा, आणि मामाजी काय म्हणाले ते मला लिहा.