पाच महिन्यांच्या बाळाचं डोकं मागून एका बाजूला चपटं आहे, हेल्मेट लावावं का?

आधी मान तपासून घ्या. बाळ सतत एकाच बाजूला वळत असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तो व्यायामाने मोकळा केला नाही, तर डोकं पुन्हा त्याच जागी टेकत राहतं. कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नाहीत ना, हेही डॉक्टरांकडून पाहून घ्या. त्यावरचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

हेल्मेट डोकं दाबत नाही. ते फुगीर भागाला टेकतं आणि चपट्या भागावर जागा मोकळी ठेवतं, वाढ तिकडे वळते. म्हणून ते साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात सुरू करतात. वर्षानंतर फारसा उपयोग होत नाही. रोज २३ तास, काही महिने. घाम येतो, त्यामुळे अंघोळीच्या वेळी आतून पुसून पूर्ण कोरडं करा. काढल्यावर तासाभरातही लाली गेली नाही तर फिटिंग बदलून घ्या, तोवर घालू नका.

मात्र घाई नको. नेदरलँड्समधल्या २०१४ च्या चाचणीत मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेली ८४ बाळं होती. दोन वर्षांच्या वयात हेल्मेटवाल्या आणि बिनहेल्मेटच्या मुलांच्या डोक्याच्या आकारात लक्षणीय फरक दिसला नाही. अतितीव्र चपटेपणा त्यात नव्हता, तिथे तज्ज्ञांचा सल्ला घ्याच.

तोवर जागेपणी, तुमच्या नजरेसमोर, दिवसातून अनेकदा पोटावर ठेवा. झोपवायचं मात्र पाठीवरच. डोक्याला आकार देणारी उशी अजिबात नको, श्वास कोंडण्याचा धोका असतो.