दोन सारखीच ओपन सोर्स टूल्स, सांभाळणारा एकटा: कोणतं चालू ठेवावं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. ज्या टूलच्या वापरकर्त्यांना तुम्ही दुसऱ्या टूलवर सुखरूप नेऊ शकता, ते टूल थांबवा. ज्यांना नेता येत नाही त्यांचं चालू ठेवा. कोणाचा कोड देखणा आहे, कोण किती मिलिसेकंदांनी वेगवान आहे, हे सगळं त्यानंतर.

तुम्ही लिहिलंय की तुमची दोन्ही टूल्स सीएसव्ही (स्वल्पविरामांनी मांडलेल्या तक्त्यांच्या) फाइली तपासून साफ करतात. पहिलं पायथनमधलं, जुनं, वापरणारे बरेच, पण आतून गचाळ. दुसरं तुम्ही नंतर गो भाषेत लिहिलं, ते चपळ आणि नीटनेटकं आहे. घरात लहान बाळ, नोकरी आणि दोन रेपोंमध्ये (गिटहबसारख्या साइटवरच्या कोडच्या साठ्यांमध्ये) साठलेले इश्यू (वापरणाऱ्यांच्या तक्रारी-सूचना), त्यामुळे एकच ठेवायचंय. मन गोकडे ओढ घेतंय हे प्रश्नाच्या सुरावरूनच कळतं! ते साहजिक आहे. आपण दुसऱ्यांदा लिहिलेलं आपल्याला नेहमीच जास्त आवडतं. पण नेमक्या त्याच कारणासाठी या बाबतीत स्वतःच्या आवडीला जरा बाजूला बसवा.

या पेचाचं मला सगळ्यात चांगलं वाटणारं उदाहरण म्हणजे टीएसलिंट आणि ईएसलिंट. कोड न चालवता त्यातल्या चुका आणि गबाळेपणा दाखवून देणं हे दोघांचं काम. ईएसलिंट 2013 मध्ये निकोलस झकास यांनी जावास्क्रिप्टसाठी सुरू केलं. टीएसलिंट पॅलंटीर कंपनीचं, खास टाइपस्क्रिप्टसाठी (जावास्क्रिप्टवर बेतलेल्या भाषेसाठी) बनवलेलं, आणि टाइपस्क्रिप्टवाल्यांमध्ये बरीच वर्षं त्याचंच चलन होतं. 2019 च्या जानेवारीत टाइपस्क्रिप्टच्या टीमनं सांगितलं की आम्ही ईएसलिंटकडे वळतोय. पुढच्याच महिन्यात पॅलंटीरनं जाहीर केलं की टीएसलिंट टप्प्याटप्प्यानं बंद करू आणि टाइपस्क्रिप्टसाठी ईएसलिंटला बळ देऊ.

यात वेगाचा मुद्दा होताच. टीएसलिंटमधला नियम साधारणपणे सिंटॅक्स ट्रीची (कोडच्या रचनेच्या झाडाची) स्वतःची वेगळी फेरी मारायचा. नियम वाढले की फेऱ्या वाढल्या. ईएसलिंट ट्रीमधून एकदाच जातं आणि वाटेत जो नोड लागेल त्याच्याशी ज्या नियमांचं काम असेल फक्त त्यांना हाक मारतं. पण माझ्या मते निकाल इथे लागला नाही, कारण हे दुरुस्त करता आलं असतं. निकाल लागला तो दिशेवर. ईएसलिंटमध्ये पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) बदलता येतो, त्यामुळे टाइपस्क्रिप्ट समजणारा पार्सर त्यात बसवून टीएसलिंटच्या लोकांना तिकडे नेणं शक्य होतं. उलट दिशेनं, रिअॅक्टपासून इम्पोर्टच्या क्रमापर्यंत ईएसलिंटभोवती उगवलेली शेकडो प्लगइन (जोड-टूल्स) टीएसलिंटवर आणणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. शिवाय टीएसलिंटची कॉन्फिग फाइल ईएसलिंटच्या भाषेत बदलून देणारं वेगळं टूलही तयार झालं. म्हणजे नुसतं ‘बंद’ लिहून दार लावलं नाही, पलीकडे जायची सोय झाली.

ईएसलिंटनं असं बिऱ्हाड त्याआधीही एकदा सामावून घेतलं होतं. कोडची मांडणी तपासणारं जेएससीएस 2016 मध्ये त्याच्यात विलीन झालं आणि जेएससीएसमध्ये असलेले पण ईएसलिंटमध्ये नसलेले नियम तिकडे आणले गेले. गंमत म्हणजे 2023 मध्ये ईएसलिंटनंच फॉरमॅटिंगचे नियम यापुढे आपण सांभाळणार नाही असं सांगून बाजूला काढले. तेव्हा बंद होणाऱ्या टूलमधलं काय आणायचं हे ठरवताना काय आणायचं नाही हेही लिहून काढा. पाहुणा म्हणून आलेलं फीचर घरचंच होऊन बसतं.

आता ‘दोन्ही एकच काम करतात’ या वाक्याबद्दल. हे वाक्य तपासल्याशिवाय मानू नका. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी अशीच दोन टूल्स मी सांभाळत होतो, एक पायथनची लायब्ररी आणि एक ब्राउझरमध्ये चालणारं साधं पान. वरवर पाहता अगदी जुळी. मी काय केलं, तर लोकांनी वेळोवेळी पाठवलेल्या जुन्या फाइली दोन्हींमधून काढल्या आणि दोन्ही आउटपुट डिफला (ओळीओळीनं फरक दाखवणाऱ्या टूलला) लावली.

कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये अक्षरं कागदावर दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात. ‘मूर्तिकार’मधलं ‘र्ति’ घ्या. फाइलमध्ये आधी ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग रफार. युनिकोडला हवं बरोबर उलट: आधी र आणि हलन्त, मग त, शेवटी वेलांटी. ‘वर्षात’ घेतलं तर रफार येतो कान्याच्याही नंतर, त्याला काना आणि ष दोघांनाही ओलांडून ष च्या आधी जाऊन बसावं लागतं. एवढं दोन्ही टूल्स व्यवस्थित करत होती. फरक पडला तो ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ या शब्दांत. डोक्यावर न चढणारा तो र मराठीत पदोपदी लागतो, पण हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या तक्त्यांमध्ये त्याला जागाच नसते, आणि मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. पायथनवाल्यात यासाठी, आणि अशाच कित्येक गोष्टींसाठी, इफ-एल्सचं जंगल माजलेलं होतं. मला ते बघवत नसे. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कोणाच्या तरी तक्रारीतून आलेली होती. नव्या, स्वच्छ पानात यातलं बरंचसं नव्हतंच. स्वच्छ कोड पुष्कळदा स्वच्छ असतो तो अजून कोणी तक्रार केलेली नसते म्हणून.

तरीही मी ठेवलं ते ब्राउझरमधलं पान. पायथनची लायब्ररी वापरणारे लोक स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे होते, त्यांना कमांड बदलून देता येते, चार ओळींची सूचना पुरते. पान वापरणारे होते डीटीपीवाले, छोट्या प्रेसमधली माणसं, स्मरणिकेचं काम अंगावर घेतलेले निवृत्त शिक्षक. त्यांना ‘आधी पायथन इन्स्टॉल करा’ म्हणणं म्हणजे नाही म्हणण्यासारखंच. म्हणून आधी जुन्या टूलच्या टेस्ट पानाच्या कोडकडे आणल्या (कोड नाही, फक्त टेस्ट), त्या सगळ्या हिरव्या (पास) होईपर्यंत पान सुधारलं, मग त्याच कोडवर कमांड लाइनसाठी जुन्याच नावांचे पर्याय देणारं एक पातळ आवरण घातलं, आणि त्यानंतर लायब्ररी थांबवली. डाउनलोडचे आकडे बघून ठरवलं असतं तर नेमकं उलट झालं असतं.

त्या आकड्यांबद्दल सांगायलाच हवं. पायपीआय (पायथनचं) किंवा एनपीएम (जावास्क्रिप्टचं) या पॅकेज-भांडारांवरची डाउनलोड संख्या म्हणजे माणसं नव्हेत. एखाद्या कंपनीचा सीआय सर्व्हर (कोड आपोआप तपासणारा) प्रत्येक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) तुमचं पॅकेज नव्यानं उतरवून घेतो, मिरर (भांडाराच्या नकला) वेगळेच. गिटहबचे स्टार तर एकदा देऊन विसरायचे असतात. त्यापेक्षा रेपोच्या डिपेंडन्सी ग्राफमध्ये तुमच्यावर कोण अवलंबून आहे ते बघा, आणि गेल्या वर्षभरातले इश्यू वाचा. इश्यू लिहिणारा माणूस खरा असतो, आणि तो टूल कशासाठी वापरतो हे त्याच्या वैतागातून बरोबर कळतं.

दोन्ही थोडं थोडं चालू ठेवू, हाही विचार मनात येतोच. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा हा मोह सोडा. फीचर थांबवता येतात, पण सुरक्षेचे बग दोन्हीकडे वेगवेगळे येतात आणि ते थांबत नाहीत. व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या एफएफएमपेगमधून 2011 मध्ये लिबएव्ही फुटलं, डेबियन या लिनक्स वितरणानं तेव्हा लिबएव्ही घेतलं. एफएफएमपेगवाले मात्र लिबएव्हीत होणारे बदल सतत आपल्यात ओढून घेत राहिले. परिणामी एफएफएमपेगकडे स्वतःचंही होतं आणि त्यांचंही. 2015 मध्ये डेबियन एफएफएमपेगकडे परतलं. भांडण कोणाचं बरोबर होतं याच्याशी मला घेणं नाही. वापरणाऱ्याला परत येताना काही गमवावं लागलं नाही, एवढं त्यातून घ्या.

एक मधला मार्ग आहे, तो मात्र प्रामाणिकपणे घ्यावा लागतो. तारखा हाताळणाऱ्या मोमेंट जेएसच्या टीमनं सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर केलं की हे टूल आता पूर्ण झालंय, नवी फीचर येणार नाहीत, नव्या प्रोजेक्टसाठी लक्सन, डे जेएस, डेट-एफएनएस वगैरे बघा. तारखेचा ऑब्जेक्ट जागच्या जागी बदलतो हा मोमेंटचा जुना दोष त्यांना माहीत होता, पण तो काढला तर असंख्य प्रोजेक्ट मोडतील हेही माहीत होतं. म्हणून त्यांनी दोष तसाच ठेवला आणि लोकांना पर्याय दाखवले. तुमच्या जुन्या टूलला हे लागू पडू शकतं.

थांबवताना दोन गोष्टी अजिबात करू नका. पॅकेज डिलीट करू नका. 2016 मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून काढलं आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं अशांचे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणं) जगभर मोडले. पायपीआयवर तर प्रोजेक्ट पुसला की ते नाव दुसऱ्या कोणालाही घेता येतं, आणि जुनी स्क्रिप्ट निमूटपणे त्या नव्या माणसाचा कोड उतरवते. पायपीआयनं 2025 मध्ये प्रोजेक्टला ‘आर्काइव्ह’ अशी खूण करायची सोय दिलीय, ती वापरा. रीडमीच्या पहिल्या ओळीत कुठे जायचं ते लिहा.

दुसरं, ‘मी सांभाळतो, मला द्या’ म्हणणाऱ्या पहिल्याच अनोळखी माणसाला किल्ल्या देऊ नका. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजच्या मूळ लेखकानं, स्वतः ते वापरत नसल्यामुळे, मागणाऱ्याला पॅकेज सोपवलं. त्या नव्या माणसानं बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड आत घातला. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या टूलच्या बाबतीत तर थकलेल्या एकट्या मेंटेनरचा (सांभाळणाऱ्याचा) विश्वास दोनेक वर्षं चांगलं काम करून कमावला गेला आणि मग 5.6.0 या आवृत्तीत बॅकडोअर (चोरदरवाजा) आला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या संगणकावरचं) लॉगिन अर्ध्या सेकंदानं मंद वाटलं म्हणून तो सापडला. मी त्या मेंटेनरांना दोष देत नाही, फुकट राबणाऱ्या माणसाला मदत नको कशी वाटेल? पण चांगला माणूस मिळाला नाही तर आर्काइव्ह केलेलं टूल हे चुकीच्या हातातल्या टूलपेक्षा परवडतं. कोणाला हवंच असेल तर तो वेगळ्या नावानं फोर्क (कोडची स्वतंत्र प्रत) करेल, लायसन्स तुम्ही त्यासाठीच दिलेलं आहे.

आता तुमच्यापुरतं. सगळं एका गोष्टीवर अडलंय आणि ती तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही: लोक तुमचं पायथन टूल टर्मिनलवरून कमांड म्हणून चालवतात, की स्वतःच्या कोडमध्ये इम्पोर्ट करतात? कमांड म्हणून चालवत असतील तर गोचं टूल ठेवा. एकच बायनरी (थेट चालणारी फाइल), इन्स्टॉल करायला सोपी, तेच पर्याय त्याच नावांनी दिलेत तर पुष्कळांना फरकही जाणवणार नाही. फक्त त्याआधी जुन्या इश्यूमधल्या विचित्र फाइली, म्हणजे अवतरणचिन्हात अडकलेले स्वल्पविराम, मधेच बदललेलं एन्कोडिंग, एक्सेलला मराठी नीट दिसावं म्हणून सुरुवातीला घातलेला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण), या सगळ्या गोच्या टेस्टमध्ये आणा.

इम्पोर्ट करत असतील, नोटबुकमध्ये, पांडाजच्या (पायथनच्या डेटा लायब्ररीच्या) शेजारी बसवून, तर त्या लोकांना गोवर नेता येणार नाही. मग कितीही जिवावर आलं तरी गो थांबवा, त्यातल्या चांगल्या कल्पना पायथनमध्ये आणा आणि संथ वाटणारा भाग तेवढा नव्यानं लिहा. गिटहबच्या कोड सर्चमध्ये तुमच्या पॅकेजचं नाव ‘इम्पोर्ट’सकट टाकून बघा, अंदाज लगेच येईल. कंपन्यांचा खाजगी कोड तिथे दिसत नाही, म्हणून दोन्ही रेपोंवर एक इश्यू पिन करा: ‘यातलं एकच पुढे चालणार आहे, तुम्ही हे कसं वापरता ते सांगा.’ महिना-दीड महिना तो उघडा ठेवा, आणि तोवर दोन्हीपैकी कशातही नवं फीचर घालू नका, कोणी पुल रिक्वेस्ट (तयार बदल) आणून दिली तरी.