आई रोज चालते, तरी सोफ्यावरून उठताना आधार लागतो. सत्तरीनंतर पायांतली ताकद परत येऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ७१ आहे, रोज सकाळी बागेत पाऊण तास चालतात, अंगानेही बारीकच आहेत. पण गेल्या वर्षभरात खोलगट सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात आणि जिना कठड्याला ओढत चढावा लागतो. डॉक्टरांनी तपासून ‘वयोमानानुसार आहे’ असं सांगितलं. मग चालणं वाढवावं की ताकदीचे व्यायाम सुरू करावेत, आणि या वयात त्यांचा उपयोग होतो का, हा तुमचा प्रश्न.

ताकदीचे व्यायाम सुरू करा. उपयोग नक्की होतो. चालणं आहे तसं चालू ठेवा, पण ते पाऊण तासाचं दीड तास केल्याने सोफ्यावरून उठणं सोपं होणार नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सांगलीत बरीच वर्षं वयस्कर मंडळींच्या घरी जाऊन व्यायाम घेते. ‘रोज चालतो की आम्ही’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. चालण्याने हृदय चांगलं राहतं, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, झोप लागते, चार माणसं भेटतात. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या पुढच्या आणि नितंबाच्या स्नायूंना फारसा जोर लावावा लागत नाही. उठताना मात्र जवळजवळ सगळ्या अंगाचा भार याच स्नायूंना एका दमात उचलायचा असतो. ज्या कामाची सवय स्नायूंना राहिलेली नाही, ते काम ते हळूहळू विसरतात. पूर्वी जमिनीवर बसून जेवणं, चूल, भारतीय पद्धतीचा संडास, खाली बसून भाजी निवडणं, यांत दिवसभरात कितीतरी उठाबशा आपोआप व्हायच्या. आता डायनिंग टेबल, ओटा आणि कमोड आल्यावर त्या गेल्या, आणि त्यांची जागा चालण्याने भरून निघत नाही.

आत काय घडतं तेही सांगते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारमानापेक्षाही लवकर उतरते. त्यातही जोराने आणि झटकन काम करणारे स्नायूतंतू आधी झिजतात. ठेच लागल्यावर पटकन पुढे पाऊल टाकून तोल सावरायचा असतो तो याच तंतूंच्या जोरावर. म्हणून उठायला त्रास होणं आणि पडण्याची भीती या दोन गोष्टी बहुतेक वेळा बरोबरच येतात. वयाबरोबर स्नायू आणि ताकद अशी उतरण्याला वैद्यकीय भाषेत सार्कोपेनिया म्हणतात. आईंच्या फाइलवर तो शब्द नसला तरी लक्षणं त्याच दिशेची वाटतात.

आई बारीक आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एक फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा तेच सांगत असताना आपल्या माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. आपल्याकडच्या किती तरी सडपातळ आजी-आजोबांच्या बाबतीत मला हेच दिसतं. पोटरीभोवती टेप लावून बघा: आशियाई लोकांसाठीच्या २०१९ च्या निकषांनुसार बायकांमध्ये ३३ आणि पुरुषांमध्ये ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असेल तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यावी.

आता वयाबद्दल. बॉस्टनमधल्या एका वृद्धांच्या रुग्णालयात मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या अशक्त रहिवाशांकडून आठ आठवडे पायांचे जड वजनाचे व्यायाम करून घेतले. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. गट लहान होता. म्हणून पुढे शंभर जणांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग झाला, तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढणं सुधारलं. नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांना मात्र व्यायामाशिवाय काही फायदा झाला नाही. हे मी प्रत्येक घरी सांगते, कारण आपल्याकडे पहिली धाव प्रोटीन पावडरच्या डब्याकडे असते. आईंचं वय तर त्या लोकांपेक्षा दीड दशकाने कमी आहे.

आधी त्या आज कुठे आहेत ते पाहा. बिनचाकांची, हात नसलेली, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईंना हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहून परत बसायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली आहे असं समजायचं. हात न लावता एकदाही उठता आलं नाही तरी घाबरू नका, सुरुवात तिथूनच करायची.

ती सुरुवात म्हणजे हेच उठणं-बसणं. खुर्चीवर घट्ट घडी केलेली सतरंजी किंवा टणक उशी ठेवून बैठक इतकी उंच करा की हात न टेकता, थोडा जोर लावून उठता येईल. आईंनी बैठकीच्या कडेला सरकून बसावं, पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावेत, दोन पायांत खांद्याइतकं अंतर ठेवावं. छाती पुढे न्यावी, टाचा जमिनीत रोवाव्यात आणि उठावं. बहुतेक जण पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला बघतात आणि मागे कोसळतात. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की नितंब आपोआप उचलले जातात. उठताना श्वास सोडायचा, मनात एक-दोन-तीन-चार म्हणत सावकाश खाली यायचं, शेवटी धपकन बसायचं नाही. खाली येताना धरलेला हा वेग फार महत्त्वाचा आहे, त्यात निम्मा व्यायाम आहे.

एका वेळी आठ ते बारा, मग दोन-तीन मिनिटं विश्रांती, असे दोन किंवा तीन फेरे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. शेवटच्या दोन-तीन उठाबशा जड गेल्या पाहिजेत. आणि इथेच बहुतेक घरं थांबतात. बारा सहज जमायला लागल्या की तेवढ्याच वर्षभर करत राहतात, आणि मग ‘व्यायाम करूनही फरक नाही’ म्हणतात. बारा सोप्या झाल्या की सतरंजीची एक घडी काढा. साध्या उंचीवर आलात की छातीशी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली धरायला द्या, पुढे दोन किलो डाळीची पिशवी, पुढे पाच किलो तांदळाची. भार वाढत गेला नाही तर ताकदही तिथेच थांबते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत सुधारणा दिसते ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू भरायला दोन-तीन महिने जातात, तेवढा धीर हवा.

याच्या जोडीला चार गोष्टी पुरेत. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर एक पाय ठेवून वर चढणं आणि सावकाश उतरणं, कठड्याला नुसता हात लावून, ओढून नाही. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीवर हात ठेवून दंड काढल्यासारखं पुढे-मागे होणं. आणि खिडकीच्या मजबूत गजाला रबरी व्यायामपट्टा अडकवून दोन्ही हातांनी छातीकडे ओढणं, यामुळे पाठ सरळ राहायला मदत होते. टाचा उचलून झाल्यावर तिथेच एक पाय दुसऱ्याच्या पुढे ठेवून अर्धा मिनिट उभं राहायचं, हा तोलासाठी. आई साडी नेसत असतील तर पायरीच्या व्यायामाला निऱ्या वर खोचून घ्यायला सांगा, आणि गुळगुळीत स्लीपर घालून कधीच नको. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगितले आहेत, चालण्याशिवाय वेगळे.

‘गुडघे दुखतात, मग उठाबशा कशा?’ हे पुढचं वाक्य असणार. गुडघ्याची झीज असलेल्यांना तर मांडीची ताकद जास्तच हवी. बैठक उंच ठेवा, दुखत नाही तेवढ्याच टप्प्यात करा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्यासारख्या वाटणं ठीक आहे, एक-दोन दिवसांत जातं. सांध्याच्या आत टोचल्यासारखं दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर भार कमी करायचा, बंद करायचं नाही. वजन उचलताना श्वास रोखून धरू नये, रक्तदाब एकदम चढतो.

जिमला पाठवायला माझी हरकत नाही. बसून पायांनी वजन ढकलायचं यंत्र, ज्याला लेग प्रेस म्हणतात, ते अशक्त पायांसाठी उत्तम असतं, भार हळूहळू वाढवता येतो आणि पडायची भीती नसते. पण शिकवणाऱ्याने त्यांच्याजवळ उभं राहायला हवं. योगवर्गाला जात असतील तर जाऊ द्या, लवचिकपणा आणि तोल दोन्हींना चांगलं आहे. फक्त पाय इतके अशक्त असताना एकदम सूर्यनमस्कार सुरू करू नयेत असं माझं मत आहे. मनगटांवर भार येतो, डोकं खाली जातं, आणि चक्कर येणाऱ्यांना ते झेपत नाही.

जेवणाबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. आयसीएमआर-एनआयएन या आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वयस्करांच्या पोषणावर काम करणारे अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम म्हणतात. आईंचं वजन ५० किलो धरलं तर दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. आता त्यांचा दिवस आठवून बघा. सकाळी चहा-बिस्कीट किंवा पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, रात्री ‘मला भूक नाही’ म्हणून दूध-भात. यात तीस ग्रॅमही मुश्किलीने होतात. त्यातून आठवड्याचे उपास, आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं जेवायची त्या पिढीतल्या बायकांची सवय. दात नसले तरी मुगाचं धिरडं, पिठलं, मऊ शिजवलेली मटकीची उसळ, घट्ट दही, पनीर, चालत असेल तर अंडं किंवा मासे, हे सगळं खाता येतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, कपभर दुधातही जवळपास तेवढीच. प्रत्येक जेवणात काहीतरी असू द्या, सगळं दुपारी नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ड आणि ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या. यांच्या कमतरतेनेही पाय गळतात.

एक गोष्ट तुम्हा घरच्यांसाठी. ‘आई, तू बस, मी आणते’ हे प्रेमाने म्हटलं जातं, पण दिवसातून वीस वेळा म्हटलं की वीस वेळा उठणं गेलं. त्यांना पाणी स्वतः आणू द्या. भाजीच्या दोन पिशव्या दोन हातांत घेऊन येऊ द्या, झेपतील तेवढ्या. आजारपणात तर याची फार काळजी घ्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वयस्कर माणसं दहा दिवस नुसती पलंगावर झोपून राहिली, तर पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले. तापातून उठल्यावर ‘अजून आठ दिवस पडून राहा’ असं सांगू नका, डॉक्टरांची मनाई नसेल तर पलंगाच्या कडेला बसवून उठणं-बसणं लगेच सुरू करा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं ते कुणी: ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, नुकताच हृदयाचा त्रास झाला आहे, हर्निया आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन अलीकडेच झालं आहे. हाडं खूप ठिसूळ असून मणक्याला दबलेलं फ्रॅक्चर असेल तर वजन घेऊन पुढे वाकणं टाळायचं. व्यायाम करताना छातीत दुखलं, दम कोंडला, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आणि एकाच बाजूचा पाय अचानक गेला, किंवा काही आठवड्यांत वजन आणि ताकद झपाट्याने उतरली, तर ते वय नव्हे. तिथे व्यायामाने वेळ घालवू नका.

दोन-तीन महिन्यांनी, साध्या खुर्चीवरून बिनहाताने बारा वेळा उठता आलं की जमिनीवरून उठायला शिकवा. जाड गादीवर, शेजारी भक्कम खुर्ची ठेवून. आधी कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग गुडघे-हातांवर, खुर्चीजवळ सरकून बैठकीवर दोन्ही हात, मजबूत पाय पुढे, आणि उठून वळून बसायचं. पडल्यावर हाड मोडलेलं नसतानाही उठता न आल्यामुळे तासन्‌तास फरशीवर पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हा भाग मी कुणाच्याही बाबतीत सोडत नाही. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर ही पद्धत आधी आपल्या सर्जनना दाखवून घ्या. पहिल्या काही वेळा तुम्ही जवळ थांबा, आणि ओढून उठवू नका.